टारफुल्याची भावकी

इचलकरंजीची वस्ती वाढत वाढत कबनूरला येऊन भिडली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माग कुठे संपतात आणि ऊस कुठे सुरू होतो, हे रस्त्यावरून चटकन कळत नाही. पंचगंगेच्या काठाला काळी, भारी रानं. तिथून आळते-रामलिंगच्या डोंगराकडे सरकावं तशी जमीन हलकी होत जाते, मुरूम वर येतो. अशा हलक्या रानांतल्या सऱ्यांमधून पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक रोपटं डोकं काढतं. वीतभर उंचीचं, खरखरीत अरुंद पानांचं, नखाएवढ्या पांढऱ्या फुलांचं. टारफुला. कुणी टवळी म्हणतं. कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंतच्या उसात, आणि त्याच्याही आधीपासून ज्वारीत, हे तण ठाऊक आहे, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस या मुलखात सापडणं कठीण. मीही त्याची वकिली करायला निघालेलो नाही. पण कबनूरहून मसाईच्या पठारापर्यंत साठेक किलोमीटर गेलं की या एका झाडाची बरीचशी भावकी भेटते. तिचा एक फाटा थेट उत्तर ध्रुवाच्या अंगणापर्यंत गेलेला आहे. ही सगळी मंडळी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट मला अधिकाधिक पटत जाते. दुसऱ्याच्या मुळाला तोंड लावणारी वनस्पती पिकाचा काळ ठरते की माळाचं फूल, हे तिच्या स्वभावावर फारसं अवलंबून नसतं. ज्या रानात ती उगवते तिथे आणखी काय काय उगवू दिलेलं आहे, यावर ते ठरतं.

आधी टारफुला नीट पाहायला हवा. फूल भिंगाखाली धरलं तर पाकळ्यांची नळी मध्येच काटकोनात मुडपलेली दिसते. तिच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पेल्यावर उभ्या कडा असतात, आणि त्या मोजल्या की जात कळते. पाच असतील तर स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा, दहा असतील तर स्ट्रायगा एशियाटिका, पंधरा असतील तर अँगुस्टिफोलिया. रोप ओढलं तर बहुधा देठच हातात येतो. म्हणून मातीचा गड्डा उकरून घ्यायचा आणि पाण्यात सावकाश सोडवायचा. मग पांढऱ्या, ठिसूळ मुळ्या दिसतात. जिथे त्या उसाच्या मुळीला टेकलेल्या असतात तिथे टाचणीच्या डोक्याएवढी गाठ असते. शास्त्रात तिला हॉस्टोरियम म्हणतात. आपण गाठच म्हणू. या गाठीत टारफुल्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या उसाच्या तशाच नळ्यांना जाऊन मिळालेल्या असतात. पानं हिरवी आहेत, म्हणजे उन्हात थोडंफार अन्न ते स्वतः शिजवतं, म्हणूनच त्याला अर्धपरजीवी म्हणायचं. मात्र पाणी, नत्र, खनिजं आणि तयार अन्नाचाही काही वाटा त्या गाठीतून येतो. ओढण्याची तऱ्हाही साधीच आहे. ऊस किंवा ज्वारी ताण बसला की पानांवरची छिद्रं मिटून घेते, टारफुला ती उघडीच ठेवतो, रात्रीसुद्धा. त्याच्या पानांतून वाफ सुटत राहते आणि पाणी त्याच्याकडे खेचलं जात राहतं, शेजाऱ्याच्या पाळीत आपल्या सरीचं बारं मोडून घ्यावं तसं. पिकाचं नुकसान मात्र तो जितकं पितो त्याहून मोठं असतं. तो जमिनीवर दिसायच्या आधीच पीक खुरटायला लागलेलं असतं. भांगलणीला बायका येतात तेव्हा त्यांच्या खुरप्याला लागतो तो झाल्या नुकसानीचा पुरावा.

त्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं आणि एका रोपाला अशी हजारो बियाणी धरतात. मातीत ती दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ जिवंत पडून राहतात. एवढ्याशा बियात शिदोरी कितीशी असणार? रुजल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर रोप मेलंच. म्हणून ते उगाच रुजत नाही. काही मिलिमीटरवर योग्य मूळ आहे, याची खूण मातीतल्या रसायनातून पटली तरच रुजतं. हे रसायन पहिल्यांदा हाती लागलं १९६६ साली, अमेरिकेत, आणि गंमत अशी की ते मिळालं कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगूच शकत नाही. आपल्याला खाणाऱ्याला हाक मारायची, हा उद्योग मुळं कशासाठी करतात, हे कोडं त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तसंच होतं. २००५ साली जपानी संशोधकांनी ते सोडवलं. हाक टारफुल्याला नसतेच. ती असते मुळांशी राहून मातीतला स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशीला, आणि टारफुला ती मधल्या मध्ये ऐकतो. २००८ मध्ये हेही कळलं की याच रसायनांनी वनस्पती आपल्याला किती फुटवे येऊ द्यायचे ते ठरवते. त्यामुळे ही हाक बंद करून टाका, असं सांगणं सोपं राहिलं नाही. आता माझ्या मुद्द्याच्या कामाची गोष्ट ही, की जमिनीत स्फुरद आणि नत्र कमी पडलं की मुळं ही हाक जास्त जोरात मारतात. उपाशी जमीन, तिच्यात वर्षानुवर्षं एकाच गोताचं गवत (ज्वारी, मका, ऊस ही सगळी गवतंच) आणि मातीत दडलेलं बी, एवढं जमलं की टारफुला येणारच.

जुन्या कोरडवाहू रानात ज्वारी एकटी नसायची. तिच्यात तूर, मटकी, चवळी असायची. पुढच्या वर्षी त्याच जागी भुईमूग. चवळी, भुईमूग आणि कापूस यांची मुळं टारफुल्याचं बी रुजवतात, पण त्याला तोंड लावू देत नाहीत. बी उगवतं आणि मरतं. शेतकऱ्याने हे रसायन ओळखून मिसळीचं पीक घेतलं, असा दावा मी करणार नाही. त्याला डाळ हवी होती, गुरांना वैरण हवी होती, एक पीक गेलं तर दुसऱ्याचा आधार हवा होता. पण परिणाम तोच झाला. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात आला आणि निव्वळ हायब्रीडची रानं उभी राहू लागली, तेव्हा टारफुला ठळकपणे नजरेत आला. उसात तर लावण, खोडवा, पुन्हा खोडवा, आणि मोडून परत लावण. यावर कुणीही म्हणेल की कोल्हापूरच्या उसाला खत काय कमी पडतं? पोत्यांनी टाकतात. खरं आहे. भरपूर नत्र दिलेल्या, सतत ओल्या, भारी रानात टारफुला फारसा दिसत नाही. पाणी साचलेल्या जमिनीत त्याचं बी टिकतही नाही. तो दिसतो तो माळाकडच्या हलक्या जमिनीत. तिथे पाणी नेलं, ऊस नेला, पण जमिनीला धरून ठेवायला सेंद्रिय माल उरलेला नाही आणि टाकलेलं खत तळाला निघून जातं. नदीकाठच्या पिकाचा हिशोब माळाला लावला, त्याची ही वसुली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आफ्रिकेत लहान शेतकरी अनेक ठिकाणी मिसळीचीच पिकं घेतात, तरी तिथे स्ट्रायगाने धुमाकूळ घातला आहे; मग विविधतेचं कौतुक कशाला? त्याला उत्तर तिथल्याच रानांत आहे. जिथे जमीन पडीक ठेवणं परवडेनासं झालं आणि मका किंवा ज्वारी दरसाल तिथेच आली, तिथे उपद्रव वाढला. नुसतं दोन पिकं शेजारी लावून भागत नाही, दुसरं पीक योग्य असावं लागतं. केनियात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वैरण लावतात. तिच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं स्ट्रायगाचं बी रुजवतातही आणि त्याचं मूळ मक्यापर्यंत पोचू देत नाहीत, शिवाय ती जमिनीला नत्र देते. स्ट्रायगाला दाद न देणारे ज्वारीचे वाण घडवणारे इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोही मार्ग मोलाचा आहे, पण एजेटांनीही वाणाबरोबर खत आणि ओल राखण्याची जोड दिली. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेचं. १९५६ मध्ये उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनात मक्यावर कसलंसं अनोळखी तण आलं, आणि ते ओळखलं भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने. पुढे दीड लाखाहून जास्त हेक्टरांवर सरकारने मोहीम चालवली. जमिनीत इथिलीन वायू सोडायचा. त्याने बी फसून रुजतं आणि मूळ न मिळाल्याने मरतं. काही दशकांत क्षेत्र अगदी थोडं उरलं. चवळी फुकट करते तेच काम तिथे यंत्रं लावून, सरकारी पैशाने झालं.

कबनूरहून कोल्हापूरकडे न वळता निपाणीकडे उतरलं तर तंबाखूच्या रानात बंबाखू दिसतो. तोही याच कुळातला, पण हिरवेपणाचा मागमूस नसलेला. पानांच्या नावाने खवले, मातकट दांडा, वर फिकट निळसर फुलं, आणि सगळं पोषण तंबाखूच्या मुळातून. बंबाखू माझ्या म्हणण्याला सोयीचा नाही. अर्ध्या परजीवीने काही कमावून काही उचलावं, याने सगळंच उचलावं. तरी त्याचा जोर तिथेच आहे जिथे तंबाखूवर तंबाखू घेतात. सह्याद्रीतल्या गवताळ उतारांवर पावसाळ्यात एजिनेशिया इंडिका नावाचा त्याचा एक नातलग उगवतो, तोही संपूर्ण परजीवी. जांभळट गुलाबी, मान खाली घातलेल्या त्या फुलाचे फोटो काढायला लोक गुडघ्यावर बसतात.

मसाईला जायचं तर कोल्हापूर ओलांडून वाघबीळच्या चढाने पन्हाळा, आणि पन्हाळ्याच्या मागच्या अंगाने पठार. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ती वाट याच पठारावरून जाते, त्यामुळे दर जुलैमध्ये इथे पदभ्रमंतीवाल्यांची रांग असते. फुलांसाठी मात्र सप्टेंबर बरा. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. चार महिने चिखल आणि आठ महिने तापलेला तवा. अशा सड्यांवर, आंबा घाटापासून कासच्या पठारापर्यंत, गवतात दोन झाडं सहज नजरेला पडतात. एक दुधाळी, म्हणजे सोपुबिया डेल्फिनिफोलिया. शेपूच्या पानांसारखी चिरलेली पानं आणि गुलाबी, पेल्यासारखी फुलं. दुसरी तुतारी, रॅम्फिकार्पा. तिची पांढरी नळी बोटाएवढी लांब आणि बारीक, फूल उमलतं सांजवेळी, कारण गिऱ्हाईक म्हणजे पतंग. दोन्ही टारफुल्याच्या सख्ख्या भावकीतल्या. दोघींच्या मुळांना गाठी, दोघी शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी ओढणाऱ्या. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवल्या तर टारफुल्यासारख्याच काळ्या पडतात. शिवाजी विद्यापीठाच्या एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांनी २००२ मध्ये जिल्ह्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ केला, त्याच्यासारख्या पुस्तकात टारफुला, दुधाळी आणि तुतारी एकाच कुळाच्या पानांवर बसतात. तण आणि फूल ही वाटणी तिथे नसते. आणि या सड्यांवर कुणी गवत खुरटल्याची तक्रार करत नाही. स्वतः स्ट्रायगाही माळरानाच्या गवतात असतोच. पण तिथे त्याच्याभोवती वेगवेगळ्या गोताची, वेगवेगळ्या वेळी वाढणारी झाडं असतात. एका यजमानावर सगळा भार पडत नाही, आणि दोन हात पलीकडे पुन्हा तसाच यजमान मिळेल याची खात्री नसते.

इथून उत्तरेची आठवण येते ती उगाच नाही. तिकडेही जमीन बोटभर, हंगाम तोकडा. फक्त इथे उन्हाळा जो छळ करतो तो तिथे बर्फ करतो. आर्क्टिकच्या रानफुलांत पेडिक्युलॅरिस नावाची एक प्रजाती आहे, टारफुल्याच्याच कुळातली, तशीच हिरवी आणि तशीच गाठी लावणारी. जगात तिच्या सहाशेच्या आसपास जाती. निम्म्याहून जास्त हिमालय आणि त्याला लागून असलेल्या चिनी पर्वतरांगांत. आपल्याकडे लडाख-काश्मीरच्या कुरणांत त्या आहेत, दक्षिणेला निलगिरीच्या उंच गवतातही आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तितकी उंची नाही, म्हणून तिची जागा दुधाळीने धरलेली. स्वालबार्ड बेटांवर, जिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे, पेडिक्युलॅरिस हिर्सुटा आणि पेडिक्युलॅरिस डॅसिअँथा या दोन जाती वाढतात. फुलोऱ्याभोवती लोकर असते. तिच्यात ऊब धरून राहते. आर्क्टिकच्या मुख्य भूमीवर या फुलांकडे येतात त्या गुबगुबीत भुंगमाश्या, आणि लोकरी पेडिक्युलॅरिसची पिवळी मुळं तिथले इन्युइट लोक खात आले आहेत. युरोपातल्या गुराख्यांची मात्र समजूत होती की हे फूल चरलं की गुरांना उवा होतात. बहुधा निकस, पाणथळ कुरणात हे फूलही असे आणि रोगट गुरंही. आळ फुलावर आला.

ही झाडं शेजाऱ्यांना नुसती पिळतात की काही देतातही, याची तपासणी उत्तरेत चांगली झाली आहे. स्वीडनमधल्या अबिस्को इथे बार्ट्सिया अल्पिना या त्यांच्या नातलगाचा अभ्यास झाला. या झाडांच्या पानांत नत्र जास्त साठतं, पानं लवकर कुजतात, आणि थंडीने कुजणंच मंदावलेल्या त्या जमिनीत शेजारच्या झाडांना तो माल मिळतो. मुळातून घेतलेलं पानातून परत जातं, फक्त ज्याचं घेतलं त्यालाच मिळेल असं नाही. इंग्लंड-बेल्जियमकडच्या कुरणांत रिनँथस नावाचं असंच अर्धपरजीवी झाड आता मुद्दाम पेरतात. खत देऊन देऊन तिथे दोन-चार दांडगी गवतं माजलेली असतात. रिनँथस त्यांना वाकवतो आणि मधल्या मोकळ्या जागेत इतर फुलं येतात. म्हणजे कबनूरकडे जे कृत्य नुकसान ठरतं, तेच तिथे कामगिरी. अमेरिकेच्या मेन राज्यातली पेडिक्युलॅरिस फर्बिशी आणखी एक बाजू दाखवते. केट फर्बिश या वनस्पतिचित्रकार बाईंनी ती १८८० मध्ये सेंट जॉन नदीच्या काठी टिपली. पुढे ती नामशेष झाली असं समजत होते, ती १९७६ मध्ये धरणाच्या जागेची पाहणी करताना पुन्हा सापडली, आणि ते धरण रेंगाळून शेवटी रद्द झालं. रद्द व्हायला इतरही कारणं होती. या झाडाची गरज मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. काही वर्षांनी एकदा नदीचा बर्फ काठ खरवडून जातो, झुडपं निघून जातात, आणि त्या मधल्या अवधीतच ते टिकतं. फार खरवडलं तरी मरतं, अजिबात नाही खरवडलं तरी सावलीत मरतं.

माझ्या मूळ म्हणण्याविरुद्ध एक पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चीनच्या शिनजियांगमध्ये तियानशान पर्वतातल्या बायनबुलक या विस्तीर्ण कुरणात पेडिक्युलॅरिस कान्सुएन्सिस अलीकडच्या दशकांत इतकी पसरली की गुरांच्या चाऱ्याचं गवतच मागे हटलं. तिथे पेरलेलं एकपिकी रान नाही, खुलं कुरण आहे. मग विविधतेचा युक्तिवाद तिथे का लागू पडू नये? कारण ते कुरण चराईने थकलेलं आहे. गवत आखूड झालं की जमिनीपर्यंत ऊन पोचतं, आणि पेडिक्युलॅरिसच्या कोवळ्या रोपाला सगळ्यात जास्त मारते ती सावलीच. जोमदार गवतात ते रोप तग धरत नाही. म्हणून मी विविधता एवढाच शब्द वापरून थांबत नाही. यजमान अनेक हवेत आणि ते सशक्तही हवेत. यातली एक गोष्ट गेली तरी हा पाहुणा घर बळकावतो. मसाईच्या पठारावरही चराई आहे, वणवे आहेत, गाड्या फिरतात. तिथली दुधाळी आज निरुपद्रवी आहे म्हणून ती कायम तशी राहील, याची हमी हे झाड देत नाही.

भाषणांत एखाद्याला बांडगूळ म्हणून मोकळं होणाऱ्या आपल्या समाजात एका परजीवी झाडाला मात्र देवघरात जागा आहे. चंदन. १८७१ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉट यांनी चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांना गाठी लावतं हे दाखवलं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास प्रांताचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनी त्या गाठी कापून, चिरून, थर न् थर पाहिल्या. हेच बार्बर १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्रावर गेले आणि टी. एस. वेंकटरामन यांच्या जोडीने तिथे भारतीय उसाचे वाण घडू लागले. नदीकाठच्या रानगवताशी संकर करून केलेला को २०५ हा १९१८ चा. आज कोल्हापूरच्या फडांत जो को ८६०३२ डोलतो, तो त्याच केंद्राच्या वंशावळीतला. उसाचा आणि मुळांतल्या गाठींचा अभ्यास एकाच माणसाच्या टेबलावर होऊन गेला आहे, हे या मुलखात फारसं कुणी सांगत नाही. चंदन हा वृक्ष, दीर्घायुषी, त्याची आणि वीतभर तणाची तुलना कशी, असं विचारता येईल. आयुष्याचा फरक आहेच, आणि कुळही वेगळं आहे. गाठीचं काम मात्र तेच. फरक पडतो तो लावणाऱ्याच्या वागण्यात. चंदनाच्या रोपवाटिकेत पिशवीतच शेजारी तूर किंवा दुसरं एखादं रोप वाढवतात, नाहीतर चंदन पिवळं पडून बसतं. रानात लावताना पुन्हा तूर, आणि पुढच्या वर्षांसाठी सुरू, करंज अशी टिकाऊ झाडं ओळींत आखून देतात, म्हणजे एकाच झाडावर त्याचा भार येत नाही.